ऑप्शनला टाकलेले दोन खंड

आमच्या घरातलं भात शिमग्याला संपायचं. पुढे पावसाळा लागेपर्यंत काय खायचं, एवढी एकच चर्चा घरात चालायची. कापणी-झोडणी उरकली की बाबा गवताच्या वखारीवर जायचे. डोंगरातलं गवत कापून आणायचं, दाबून त्याच्या गाठी बांधायच्या, त्या ट्रकात चढवायच्या. त्या गाठी मुंबईच्या तबेल्यांत जायच्या. बाबांच्या हातांवर गवताच्या पात्यांचे बारीक ओरखडे कायम असायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांचे हात असे असतात. मुरबाडच्या कॉलेजात गेले तेव्हा बाकीच्यांचे बाबा बघितले आणि मग मला आमच्या बाबांच्या हातांची लाज वाटली. त्या लाजेची लाज वाटायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली.

आज कापणीचा वास आला म्हणून हे सगळं वर आलंय. माळशेजच्या रस्त्यानं एस्टी टोकावड्याच्या पुढे निघाली की दोन्ही अंगांना कापलेलं भात पसरलेलं दिसतं. खिडकीतून एक ओला-कोरडा, गोडसर वास येतो. पेंढ्याचा, चिखल वाळल्याचा, आणि थोडा विळ्याच्या लोखंडाचाही. या वासात बसून मी एक रशियन कादंबरी वाचली होती. चार जाड खंड, त्यात लढाई, बर्फ, राजवाडे आणि अनोळखी नावांची शेकडो माणसं. वाचली होती म्हणते, पण ते खरं नाही. कशी वाचली होती तेच सांगायचंय.

मी वैशाखऱ्याची. आमच्या आळीतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते, त्यात मला संकोच नाही. पण मी ग्रॅज्युएट कशी झाले? गाइड वाचून. आमच्या घरात छापलेलं काही असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि माझी अभ्यासाची पुस्तकं. पुस्तक ही पास व्हायची वस्तू होती. आणि पास व्हायचं तंत्र म्हणजे ऑप्शन. एवढे धडे आहेत, प्रश्न एवढेच येणार, तर पहिले अवघड धडे ऑप्शनला टाकायचे आणि मधले-शेवटचे घोटायचे. सगळा धडा वाचणारी पोरगी आमच्यात वेडी ठरायची. या तंत्रावर मी बी. ए. झाले. बाबांनी वखारीवर पेढे वाटले.

निकाल लागला, नोकरी नव्हती, आणि कापणी तोंडावर आली. तेव्हा रिकामपण होतं म्हणून मी तालुक्याच्या, मुरबाडच्या वाचनालयात गेले. कॉलेजात नाव ऐकलेल्या त्या कादंबरीचे दोनच खंड फळीवर होते, तिसरा आणि चौथा. पहिला टोकावड्याच्या एका वाचकाकडे होता, दुसरा आणखी कुणाकडे. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "थांबतेस का? पहिला येईल दोन-तीन आठवड्यांत."

मी खंड चाळले. पहिल्या दोनांत काय असेल? ओळखपाळख, पाहुणे, मेजवान्या. लढाई तिसऱ्यात दिसत होती. महत्त्वाचं तिथंच असणार.

"नको," म्हटलं. "पहिले दोन ऑप्शनला टाकते."

बाई हसल्या. मला वाटलं, माझ्या हुशारीला हसल्या.

आमच्याकडे कापणी सावडीनं होते. आज सगळे आमच्या शेतात, उद्या सगळे सखूकाकीच्या, परवा हिरावहिनीच्या. ज्यानं जेवढे हात दिले, त्याला तेवढे हात परत. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का. त्या वर्षी बाबांच्या हाताला विळा लागला होता म्हणून त्यांच्या जागी मी उतरले. दुपारची भाकरी खाऊन झाली की बाकीच्या बाया करंजाच्या सावलीत जरा पाठ टेकायच्या आणि मी पिशवीतून तिसरा खंड काढायचे.

पहिल्याच दिवशी हिरावहिनीनं टोकलं. ती आमच्या शेजारची, तोंडाची फटकळ, हाताची त्याहून चपळ.

"काय गो, बीए झालीस म्हनून आता मनातल्या मनात वाचतेस? आमाला पन सांग की. का इंग्रजी हाय?"

"रशियाचं हाय. पन मराठीत केलंय."

"रशिया कुटं आला?"

"लांब. लई थंडी तिकडं. बरफ पडतो."

"मंग भात कवा लावतात?"

"भात नाय, गहू पिकतो."

"मंग ठीक हाय," हिरावहिनी म्हणाली, जणू त्या देशाला तिनं परवानगी दिली. "वाच."

मी वाचायला लागले. वाचायला म्हणजे, वाचून सांगायला. नावं माझ्याच जिभेवर बसेनात, तर त्यांच्या कानात कुठून शिरणार? म्हणून मी ती काढून टाकली. म्हातारा सेनापती, मोठ्या घरची बाई, तिचा धाकटा. राजधानी सोडून लोक पळताहेत, गाड्या भरताहेत, कुठे आग लागलीय. बायांना काही अडलं नाही. घर सोडून निघायचं म्हणजे काय, भांडी बांधताना काय राहतं, हे त्यांना सांगायला नको होतं. कापणी झाली की त्यांतली निम्मी घरं वीटभट्टीवर निघायची.

त्यांच्या प्रतिक्रिया मला अजून आठवतात. एका मोठ्या घरच्या बाईचं रडणं मी फार रंगवून सांगितलं तर हिरावहिनी म्हणाली, "कामधंदा नाय हाताला, म्हनून रडती. हिकडं धाडा, दोन दिस भारे वाहूदे." सेनापती मागं-मागं सरकतो आणि सगळे त्याला नावं ठेवतात, तिथं माझी आई पटकन म्हणाली, "त्येचं बरोबर हाय. पोरं वाचवतोय त्यो." आई सहसा बोलायची नाही. तिचं ते वाक्य ऐकून मला अभिमान वाटला होता. आईचा नव्हे हं, माझाच. मी सांगते कशी बघा, आईसुद्धा बोलायला लागली.

खरं सांगते, मला चटक लागली. सकाळी कापताना मी दुपारची वाट बघायचे. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे ठरवून ठेवायचे. कॉलेजात कुणी मला स्टेजवर उभं केलं नव्हतं. इथं आठ-दहा बाया भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

आणि मग धाकट्याचं मरण आलं.

तो सैन्यात गेलेला पोरगा. घरच्यांनी अडवलेलं, तरी हट्टानं गेलेला. त्याला घोड्यावर बसायची, तलवार चालवायची कोण हौस. त्या दिवशी आम्ही सखूकाकीच्या शेतात होतो. मी उठून उभी राहिले. हातात विळा घेतला, तो तलवारीसारखा वर धरला आणि बांधावरून घोडा दौडवत गेले. तोंडानं टापांचा आवाज काढला. पोरी हसल्या. मग मी मध्येच थबकले, विळा हातातून सोडला आणि कापलेल्या भाताच्या कडप्यावर आडवी पडले. तशीच पडून राहिले. कुणीतरी "आई गो" म्हटलं. डोळे मिटलेले असताना मला वाटलं, जमलं.

डोळे उघडले तर सखूकाकी उठली होती. जेवण अर्धं टाकून ती पलीकडच्या तुकड्यात जाऊन भारे बांधायला लागली होती. एकटीच. भर उन्हात.

सखूकाकीचा नथू दोन वर्षांपूर्वी गेला होता. गवताच्या गाठींचा टेम्पो घाटात उलटला, वर गाठींवर तो बसलेला. हट्टानंच गेला होता, खाली केबिनमध्ये जागा असताना वर वारा खायला. हे आळीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. नथू माझ्याच वर्गात होता. पण पुस्तक वाचताना ते मला आठवलं नव्हतं.

कुणी मला रागावलं नाही. रागावलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडून झाल्यावर विसरलेही असते. संध्याकाळी भारे वाहून घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "वाच तू. पन बघून वाच." पुस्तकात बघून की माणसांकडे बघून, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढचे दोन दिवस मी पुस्तक घरीच ठेवलं. हिरावहिनीनंसुद्धा मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या शेतात, मी कापत असलेल्या ओळीत सखूकाकी शेजारी आली. दोघी वाकलेल्या, विळे चालू. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यो पोर्‍या अगुदर कसा होता गो?"

"कोन?"

"धाकटा. त्यो. लहानपनी कसा होता? काय खायचा, कुनाशी भांडायचा? त्याचं काय लिवलंय का नाय?"

ते सगळं पहिल्या दोन खंडांत होतं.

"हाय," मी म्हटलं. "मी वाचलं नाय."

"का?"

ऑप्शनला टाकलं, हे काकीला कुठल्या शब्दांत सांगणार? मी पुढची मूठ कापली. मला तो पोरगा मेलेलाच भेटला होता. तो जगत होता ती पानं मी बिनमहत्त्वाची ठरवली होती. परीक्षेला येणार नाहीत म्हणून.

"तू आन ना गो ते," काकी म्हणाली. "आमी कापनी झाली की भट्टीवर जातो. त्याच्या आदी आन."

कापणी संपत आली होती. चार-पाच शेतं उरली असतील. दुसऱ्या दिवशी माझ्या वाटची ओळ आईनं कापली आणि मी टोकावड्याला गेले. पहिला खंड ज्यांच्याकडे होता ते एस्टीचे निवृत्त कंडक्टर. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ओट्यावर पाय पसरून, चष्मा कपाळावर ठेवून ते वाचत बसले होते. खंड नुकताच सुरू केल्यासारखा उघडा.

"मामा, पहिला खंड मिळंल का? जरा घाईचं हाय."

"अगं, मी अजून पहिल्याच मेजवानीत आहे. पाहुणे येतायत, येतायत, संपतच नाहीत. एका गाडीत एवढे पाशिंजर मी आयुष्यात घेतले नाहीत. तू कुठपर्यंत आलीस?"

"तिसरा झाला."

"वा! आणि पहिला परत वाचतेस?"

"नाय. पहिला वाचलाच नाय."

मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तू माळशेजला बसलीस, कल्याणला उतरलीस, आणि आता तिकीट काढायला आलीस."

कान तापले माझे. पण ते हसले आणि खंड पुढे केला. खूण म्हणून त्यांनी आत एस्टीचं जुनं तिकीट घातलं होतं. "ने. मला घाई नाही. लोक म्हणतात, रटाळ आहे, लांबण लावलीय. अगं, गाडी प्रत्येक थांब्यावर थांबणारच. ज्याला चढायचंय त्याला घेऊ नको का?"

कापणीच्या उरलेल्या दुपारी मी बायांना पहिला खंड वाचून दाखवला. बसून वाचला. वाचताना विळ्याला हात लावला नाही. धाकटा त्यात लहान होता. घरभर धावायचा, मोठ्यांच्या मध्ये मध्ये करायचा, हसू आवरता येत नसायचं त्याला. खरं तर त्याच्याबद्दल फार नव्हतंच, इकडे एक ओळ, तिकडे अर्धं पान. मी मधली पानं भरभर उलटून त्याला शोधायचे. काकीनं ते ओळखलं.

"तू मदलं सोडतेस का गो?"

"त्यात त्यो नाय, काकी."

"घरात तं असंल ना. मोठी मानसं बोलत असतील तवा पोर्‍या कुटंतरी घरातच असंल. वाच सगळं."

म्हणून मी सगळं वाचायला लागले. पाहुणे, मेजवान्या, लग्नाची बोलणी. काकी भाताच्या काडीनं दात कोरत ऐकायची. एकदा धाकटा कशावरून तरी हसत सुटला तर तीही हसली. नथू गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. हिरावहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन भाकरीच्या फडक्याची गाठ सोडायला लागली, गाठ आधीच सुटलेली होती तरी.

पहिला खंड अर्धा झाला आणि कापणी संपली. काकीचं बिऱ्हाड निघालं त्या सकाळी ती आमच्या दारात आली. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं.

"पुडं हाय ना अजून?"

"लई हाय."

"मंग त्यो अजून जिता हाय." तिनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. "आमी येऊ तवर थांबव त्याला."

"थांबवते," मी म्हटलं.

मी थांबवलं. खंड मामांना परत दिला. पुढे मला शहापूरला पतसंस्थेत नोकरी लागली, खोली घेतली, लग्न झालं. काकी पावसाळ्याला परत आली तेव्हा मी गावात नव्हते. सणासुदीला गेले की ती लांबून हात करायची. एकदा बोलली, "थांबवलंस ना गो?" मी म्हटलं, "हो काकी." खोटं नव्हतं ते. मी पुढचं पान उलटलंच नव्हतं. पण थांबवणं वेगळं आणि विसरणं वेगळं, हे मला कळत होतं. म्हणूनच पुढच्या सणाला मी तिच्या घरावरून न जाता मागच्या वाटेनं गेले.

गेल्या वर्षी कापणीच्याच दिवसांत शहापूरला आमच्या वाचकांच्या मंडळानं हीच कादंबरी चर्चेला घेतली. मंडळ मीच चालवते. सापगाव, शहापूर, आसपासचे पंधरा-वीस जण जमतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, लढाईची पानं मी सरळ वगळते, मला माणसं हवीत. पतपेढीतले साहेब म्हणाले, मी उलट, घरगुती भानगडी वगळल्या, लढायांचे नकाशे काढले. एका तरुण शिक्षकानं नावांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता आणि त्याच्या बायकोनं तो दूधवाल्याचा समजून फाडला. खूप हसलो. कुणी म्हणालं, ही कादंबरी नाही, समुद्र आहे. कुणी म्हणालं, लेखकानं शेवटी प्रवचन कशाला दिलंय. सगळे मनापासून बोलत होते. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आणि तुम्ही, ताई? तुमची प्रतिक्रिया?"

"मी पूर्ण वाचलेली नाही," मी म्हटलं.

लोकांना विनय वाटला. पण माझ्या डोळ्यांपुढे करंजाची सावली होती आणि उन्हात एकटी भारे बांधणारी पाठ. या सगळ्यांनी आपापली पानं वगळली होती, त्यात काही बिघडलं नव्हतं. माझ्या वगळलेल्या पानांवर एक माणूस वाट बघत बसलं होतं.

पुढच्या रविवारी मी चारही खंड पिशवीत घालून वैशाखऱ्याला गेले. मुरबाडच्या वाचनालयातला तोच जुना संच. मामा आता नाहीत. पहिल्या खंडात त्यांचं एस्टीचं तिकीट अजून होतं, पण ते मेजवानीत नव्हतं, अगदी शेवटच्या पानांत होतं. मामा पोचले होते.

काकी आता भट्टीवर जात नाही. ओटीवर बसून वाल सोलत होती. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय. मला वाटलं, मी मेल्यावर येशील."

"तुज्याकडं तोंड घेऊन यायला लाज वाटत व्हती काकी."

"मंग लाज वाटली का तोंड घरी ठिवायचं व्हय?" तिनं सुपातले वाल बाजूला सारले आणि मला बसायला जागा केली. "काड."

एका कापणीपासून दुसऱ्या कापणीपर्यंत, जमेल त्या रविवारी मी जात राहिले. कधी हिरावहिनी येऊन बसायची, आता तिला ऐकू कमी येतं म्हणून सगळं दोनदा सांगावं लागायचं. आई असायची. बाबाही एकदा-दोनदा येऊन दाराशी बसले, ओरखड्यांचे हात गुडघ्यांवर ठेवून. या वेळी मी नावं काढून टाकली नाहीत. बायांनी ती आपल्या जिभेला जमतील तशी वळवून घेतली. धाकट्याचंही खरं नाव सांगितलं, पण काकीसाठी तो धाकटाच राहिला.

तिसऱ्या खंडातली ती पानं आली तेव्हा मी पुस्तक मिटलं. "काकी, एवढं सोडून पुडं जाऊ या."

"का? तवा तं इळा घेऊन नाचलीस."

मी खंड पिशवीकडे सरकवला.

"वाच," ती म्हणाली. "तवा त्यो माजा कोन नव्हता, मी नथूसाटी उठून गेले. आता मी त्याला वळखते. वाच. पन बसून वाच."

मी बसून वाचलं. हळू, एकेक ओळ. काकी उठली नाही. डोळे पुसायलाही तिनं हात वर केला नाही, वाल सोलत राहिली, आणि सालं-दाणे एकाच सुपात पडत राहिले.

शेवटी शेवटी कादंबरीत लेखक स्वतःच बोलायला लागतो. इतिहास म्हणजे काय, माणसाच्या हातात काय असतं, असं पानंच्या पानं. काकीनं विचारलं, "आता ह्यो कोन बोलतोय?"

"ज्यानं लिवलं त्यो."

"लई बोलतो," काकी म्हणाली. "पन बोलूदे. एवडी मानसं सांबाळली त्यानं."

गेल्या रविवारी, कापणी चालू असताना, आम्ही शेवटचं पान वाचलं. चार खंड, पहिल्यापासून, क्रमानं, एकही पान ऑप्शनला न टाकता, सखूकाकीनं ऐकले आणि मी वाचून पूर्ण केले.